नवशाच्या हातचा फास

ये, बस असा. त्या टोपलीवर नको, तिच्यात बोंबील हायत. इथं जाळ्याच्या गठ्ठ्यावर बस. माझे हात चालू राहतील, तिकडं लक्ष नको देऊ, तू तोंडाकडं बघ. तुला गोष्ट सांगतो, आमच्या नवापूरच्या एका तांडेलाची, म्हंजे होडीच्या म्होरक्याची, ज्यानं एका पोराच्या फाशीसाठी आपल्या हातानं फास बांधला. आणि एका बाईची पण. पण तिला जरा मागनं आणतो. गोष्ट मासळीसारखी असते, डोक्याकडनं धरली तर हातात राहते, शेपटीकडनं धरली की गेली सुटून.

नवशा तांडेल म्हंजे असा माणूस की त्याची शिवी उलट्या वाऱ्यात पण ऐकू येते. पण हात सोन्याचे. दर्यात कोण पडला की नवशा आधी शिवी घालणार, मग दोर टाकणार. आणि दोर टाकताना त्याच्या टोकाला फेरा बांधलेला असणार, तो कधी बांधला ते बघणाऱ्याला कळायचं पण नाय. बोलता बोलता, बिडी तोंडात धरून, हात आपले आपले बांधून मोकळे. एकदा बाजूच्या गावचा एक जण पडला, आदल्याच साली ज्यानं नवशाची जाळी कापली होती तोच. नवशानं त्याला ओढून वर घेतला, कोरडा केला, दोन थोबाडीत दिल्या आणि मग चहा पाजला. लोकांनी विचारलं, आधी थोबाडीत देऊन मग काढायचा ना. नवशा बोलला, बुडणाऱ्याचं तोंड बघायचं नसतं, नुसती काख बघायची.

अशा माणसाचा एकुलता पोरगा धीरज, आणि त्याला दर्या सोसायचा नाय. होडी खाडीबाहेर पडली की ओकायला लागायचा. गावात हसायचे, तांडेलाच्या पोटी बकरी आली म्हणून. शेवटी तो तारापूरला कंपनीत लागला, ठेकेदाराच्या हाताखाली. तिथं त्याला जोडीदार मिळाला अनुज. पाळ्या बदलत्या, नवापूरला येणं-जाणं जमेना, म्हणून दोघांनी सरावलीला चाळीत खोली घेतली.

अनुजची आई म्हंजे पुष्पलता तुस्कानो. आता आली बघ ती बाई. वसईकडची किरिस्ताव, लग्न होऊन बोईसरला आली, नवरा लवकर गेला. घरी मशीन टाकून कंपनीवाल्यांचे युनिफॉर्म शिवायची. अंगानं काडी, आवाज एवढासा, पण कापडावर कात्री चालवताना बघितली असतीस तर कळलं असतं, ही बाई एकदा रेघ मारली की मारली. तिच्या घरी नाताळात धीरज जेवायला, आणि तिच्या घरी सुके बोंबील आणि सोडे नवशाकडनं. ती त्याला नवशाभाऊ म्हणायची, तो तिला पुष्पीबाय.

तिच्या ताटात तिसरा पण एक पोरगा जेवायचा. हितेश. मनोरकडचा, त्याच ठेकेदाराकडं कामाला. त्यानं कंपनीतली तांब्याची वायर बाहेर काढली, एकदा नाय, बरेचदा. धीरज आणि अनुजवर आळ यायला लागला तेव्हा त्यांनी खरं ते साहेबाला सांगितलं. हितेशला हाकलला. तो पंधरवडाभर पीत फिरला. मग एका सकाळी, हे दोघे रात्रपाळी करून येऊन झोपलेले असताना, त्यानं खोलीला बाहेरनं कडी लावली, खिडकीतनं थिनर ओतला आणि काडी टाकली.

कडी गरम झाली होती, कोणाला हात लावता येईना. त्याच्या पुढचं मी सांगत नाय.

त्या दिवशी नवापूरची एक होडी पाण्यात गेली नाय. गावात कोणी गेलं की दर्या बंद ठेवायचा, ही आमची रीत. पण त्या वेळी अनुजच्या मातीच्या दिवशीपण बंद ठेवला, तो गावचा नसून. धीरजच्या चितेशी पुष्पलता उभी होती, हंसाला, म्हंजे नवशाच्या बायकोला, पोटाशी धरून. आणि बोईसरच्या किरिस्तावांच्या कब्रस्तानात नवशा लांब झाडाखाली उभा राहिला, आपण परके म्हणून. तर पुष्पलता चालत त्याच्याकडं गेली आणि बोलली, "माती टाका भाऊ. घरचे टाकतात." नवशानं मूठभर माती टाकली. त्या दिवसापासून ती दोन घरं एक झाली असं समज.

हितेशला पोलिसांनी मनोरच्या नाक्यावर धरला, गुजरातकडच्या ट्रकला हात करताना. केस उभी राहिली पालघरच्या कोर्टात. तारखा काय, तुला माहीत हाय कशा असतात. नवशा, हंसा आणि पुष्पलता एका रिक्षातनं जायचे, एका डब्यातलं खायचे. एवढं सगळं होऊन शेवटी निकाल लागला, हितेशनंच केलं म्हणून. शिक्षा काय द्यायची ते पुढच्या तारखेला ठरणार. सरकारी वकील बाहेर येऊन बोलला, मी फाशी मागणार. झोपलेल्यांना बाहेरनं कडी लावून जाळलं, फाशीला ह्याच्यापेक्षा वेगळं काय लागतं. दोन्ही घरांनी पण उभं राहून एका तोंडानं मागा, जज्जसाहेब ऐकतील.

नवशाला तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. त्यानं वळून पुष्पलताला सांगायला बघितलं की चल बाय, काहीतरी खाऊ. तर ती जाग्यावर नाय. कोर्टाच्या शेवटच्या बाकड्यावर हितेशची आई मंदा एकटी बसलेली असायची, तिच्याशेजारी कोणी बसायचं नाय, जसा काय रोग हाय. पुष्पलता जाऊन तिच्या बाजूला बसली होती. नुसती बसली होती, आणि आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली होती.

परतताना रिक्षात नवशानं मनाला समजावलं, बायामाणसांचं असतं, आईला आईची दया येते, जाऊ दे.

पण पुढच्या रविवारी मिस्सा, म्हंजे चर्चमधली प्रार्थना, आटपून पुष्पलता सरळ नवापूरला आली. हातात डबा, त्यात फुगे, त्यांच्याकडं सणाला करतात ते तळलेले गोल. नवशा अंगणात फाटलेलं जाळं सुईनं तुणत बसला होता. ती ओट्यावर टेकली, डबा बाजूला ठेवला, आणि आढेवेढे न घेता बोलली.

"नवशाभाऊ, मी कोर्टात सांगणार हाय, त्याला फाशी देऊ नका. दुसऱ्या कोणाकडनं तुमच्या कानावर यायला नको, म्हणून आले."

नवशाला आधी वाटलं आपण उन्हात फार बसलो. मग त्यानं सुई खाली ठेवली. तो ओरडला नाय, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझा अनुज त्या दाराला नखं लावून मेला, पुष्पीबाय."

"माहीत हाय. त्याची बोटं मी बघितलीत. तुमाला नाय दाखवली कोणी, मला दाखवली."

हंसा आतनं दारात येऊन उभी राहिली होती.

मग पुष्पलतानं जे सांगितलं ते नवशाला तेव्हा अर्धं कळलं, अर्धं कळून घ्यायचं नव्हतं. ती बोलली की चर्चमध्ये फादरांनी ह्याच्यावर मागे सांगितलं होतं. पूर्वी चर्चपण राजेलोकांना फाशीची मुभा द्यायचं, पण आता रोमहून पोपनी साफ सांगितलंय, फाशी कुठंच आणि कोणालाच मान्य नाय. माणसानं कितीही काळं केलं तरी त्याचं माणूसपण देवाकडं जमा असतं, ते सरकारला खोडता येत नाय. ती बोलली, ऐकताना गोड वाटलं होतं, कारण तेव्हा माझा अनुज बाजूला बसला होता. तो गेल्यावर त्याच शब्दांचा मला राग आला. चर्चमधल्याच बाया मला सांगतात, पुष्पे, फादरला पोरं नसतात, तू ऐकू नको. आणि फादरांना विचारलं तर ते बोलले, मी तुझ्यावर जबरदस्ती नाय करणार, तू बोललीस तर मी तुझ्या बाजूला उभा राहीन, नाय बोललीस तरी उभा राहीन.

"मग कोणी डोक्यात भरवलं तुझ्या?" नवशानं विचारलं.

"कोणी नाय. मिस्साला गुडघे टेकून वर बघितलं. समोर क्रूस. भाऊ, आमचा जो हाय ना वर टांगलेला, त्याला पण सरकारनंच मारलं. रीतसर निकाल लावून. खाली लोक उभे राहून ओरडत होते, मारा, मारा. मी लहानपणापासून त्याच्या पाया पडते. आता उठून त्या ओरडणाऱ्यांत कशी जाऊन उभी राहू?"

"तो देव होता. हा हरामखोर हाय."

"त्याच्या बाजूला टांगलेला तर चोरच होता. स्वर्गात पहिला त्यालाच नेला."

तेव्हा मात्र तांडेलानं आवाज चढवला. तो बोलला की तू खुशाल माफ कर, तुझा देव तुला मिठाई देईल, माझा पोरगा फुकट नाय मेला.

तेव्हा पुष्पलता उठली. पदर सारखा केला. "माफ केलं असं कोण बोललं? सकाळी करते आणि संध्याकाळी परत घेते. त्यानं जन्मभर आत राहावं, आणि रोज उठून त्या कडीची आठवण काढावी. पण त्याला मारायचं माझ्या अनुजच्या नावावर नाय. तेवढं एक धरून ठेवलंय, भाऊ. तेपण सोडलं तर माझ्या हातात काय राहिलं?"

"माझ्या अंगणातनं जा," नवशा बोलला.

ती गेली. डबा राहिला. नवशानं हंसाला सांगितलं, ते कावळ्यांना टाक. हंसानं डबा आत नेला. कावळ्यांना काय मिळालं नाय.

गावात ही गोष्ट पसरायला किती वेळ लागणार. बाजारात बाया बोलायला लागल्या की किरिस्तावणीनं पैसे खाल्ले. कोण बोललं, मनोरवाल्यांनी चर्चला देणगी दिली. एका शहाण्यानं तर सांगितलं की ती हितेशला बाटवणार हाय. हंसा तेवढी एकदा टोपली आपटून बोलली, तिनं शिवलेला सदरा अंगात घालून बोलू नको तिला. पण नवशा गप्प राहिला, आणि तांडेल गप्प राहिला म्हंजे गावानं समजायचं ते समजलं.

आता गावात एक प्रफुल्ल हाय, जिथं माइक दिसला तिथं हा. त्यानं ठरवलं, शिक्षेच्या तारखेला गावातनं टेम्पो काढायचे, पालघरला मोर्चा न्यायचा, हितेशचा पुतळा करायचा आणि कोर्टासमोर लटकवायचा. एक घर फुटलंय, तर दुसऱ्या घरानं जोर लावला पाहिजे, नायतर जज्जाला वाटेल आईबापच ढिले हायत. तो नवशाला बोलला, काका, पुतळा आमी करतो, पण फास तुमच्या हातचा पाहिजे. फोटोत चांगलं दिसेल. बापानं बांधलेला फास.

नवशा हो बोलला.

घरात दोर नवाच आणलेला होता, होडीसाठी. नवशाच्या घरची रीत अशी की नव्या दोराची पहिली गाठ होडीला पडायची, नारळ फोडून, घरच्या बाईचा हात लावून. त्या सकाळी नवशानं तो गठ्ठा सोडला, लागेल तेवढा कापला आणि होडीच्या सावलीत बसला. हंसा आली, बघितलं. "नवा हाय तो," एवढंच बोलली. "अजून होडीला लागला नाय."

नवशानं वर बघितलं नाय. त्याच्या डोक्यात पुष्पलताचं बोलणं चालू होतं आणि तो मनातल्या मनात तिला उत्तरं देत होता, एकापेक्षा एक कडक, जी त्या दिवशी सुचली नव्हती. ह्या भांडणात हात काय करतायत तिकडं त्याचं ध्यान नव्हतं. बघतो तर फेरा तयार. डोकं सहज आत जाईल एवढा मोठा, गोल, घट्ट गाठीचा. त्यानं तो प्रफुल्लच्या टेम्पोत टाकला.

पालघरला कोर्टाच्या अलीकडंच पोलिसांनी मोर्चा अडवला. ठीक हाय, प्रफुल्लला तेवढी जागा पुरली. रस्त्याकडंला एक झाड होतं, त्याच्या फांदीवर दोर टाकला. पुतळा मस्त केला होता, कंपनीचा जुना युनिफॉर्म, आत पेंढा, तोंडाला मडकं. युनिफॉर्म बहुतेक पुष्पलतानंच शिवलेला असणार, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाय. फोनवाले पुढं सरसावले. फेरा पुतळ्याच्या गळ्यात घातला, प्रफुल्लनं घोषणा दिली आणि दोन पोरांनी दोर ओढला.

पुतळा वर गेला आणि फेऱ्यातनं सुटून धप्पकन खाली बसला.

परत घातला, परत ओढला. फेरा आवळायलाच तयार नाय. जेवढा होता तेवढाच राहिला, उघडा. पुतळ्याचं मडकं फुटलं. बंदोबस्ताचा एक हवालदार तोंड फिरवून हसला. पोरं पण हसायला लागली, मोर्चातली. प्रफुल्लचं तोंड लाल. तो कंपनीत टेबलावर काम करणारा, त्याला गाठीतलं काय कळतंय. पण आमी दर्यातली चार म्हातारी माणसं होतो तिथं, आमाला दिसलं. आमी एकमेकांकडं बघितलं.

तो फास नव्हताच. ती माणूस काढायची गाठ होती. दर्यात पडलेल्याला टाकायचा फेरा, जो तो काखेत अडकवतो. तो आवळता कामा नये, आवळला तर वर ओढताना बरगड्या मोडतील. असा बांधायचा की कितीही ओढा, आतला माणूस चेंगरत नाय. नवशानं आख्खा जन्म हीच गाठ बांधली होती. दुसरी त्याला येत नव्हती असं नाय, सरकफास लहान पोराला पण येतो. पण मन भांडत बसलेलं, आणि हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं.

प्रफुल्लनं दोर नवशाच्या अंगावर टाकला. "काका, नीट बांधून द्या की. इज्जत चालली गावाची."

नवशानं दोर हातात घेतला. गाठ बघितली. आणि त्याला धीरज दिसला, सहा-सात वर्षांचा, होडीच्या काठावरनं ओकता ओकता पाण्यात गेलेला. ह्याच गाठीनं काढला होता त्याला. वर आल्यावर पोरगा रडत बोलला होता, बाबा, पट्टा टोचत नाय. दोराला तो पट्टा म्हणायचा.

तेवढ्यात पुष्पलता आली. बरोबर चर्चमधल्या पाचसहा म्हाताऱ्या, हातात जपमाळा, आणि मागं फादर, साधा पँटशर्ट घालून. बाकीचं चर्च आलं नव्हतं, तेपण सांगतो, सगळी माणसं सगळीकडं सारखीच असतात. मोर्चातनं कोणीतरी तिला वाईट शब्द टाकला. ती थांबली नाय. पण नवशाच्या हातातला दोर बघून थांबली. पडलेला पुतळा बघितला, उघडा फेरा बघितला. ती काय दर्यातली नव्हती, पण शिवणारी बाई होती, कुठली गाठ सरकते आणि कुठली सरकत नाय ते तिला कळतं.

"भाऊ," ती हळू बोलली, नवशालाच ऐकू जाईल अशी, त्यानंच मला मागनं सांगितलं, "तुमच्या हातांना तर माझं पटलंय."

आणि आत गेली.

नवशा तिथंच उभा. प्रफुल्ल काहीतरी बोलत होता. नवशानं गाठ सोडायला घेतली, सोडली, दोर सरळ केला. सगळे बघतायत, आता सरकफास पडणार. नवशानं दोराची नीट वळकटी केली, काखेत मारली आणि कोर्टाकडं चालायला लागला. दारावरच्या पोलिसानं दोर आत नेऊ दिला नाय, बरोबरच हाय त्याचं. तो मग मी सांभाळला बाहेर, म्हणून आतलं मला हंसानं सांगितलेलं, तिच्या शब्दांत सांगतो.

आत सरकारी वकिलानं फाशी मागितली, चांगली तासून. मग पुष्पलतानं हात वर केला. जज्जसाहेबांनी बोलू दिलं. ती बोलली ते फार नव्हतं. बोलली की साहेब, तो माझ्या ताटात जेवलेला हाय, म्हणून मला त्याचा राग तुमच्यापेक्षा जास्त. त्याला सोडा असं मी म्हणत नाय, माझ्या डोळ्यांसमोर सुटलेला मला बघवणार नाय. पण माझा धर्म सांगतो जीव घेऊ नका, आणि धर्म सोपा असताना पाळला तर तो कसला धर्म. माझ्या पोराच्या नावानं दुसऱ्या आईला माझ्यासारखी करू नका.

हितेशनं इतक्या दिवसांत मान वर केली नव्हती, तेव्हा पण केली नाय.

मग सरकारी वकिलानं नवशाला पुढं केला. त्याचा भरवसा होता त्याच्यावर, बाहेर मोर्चा आणणारा बाप. जज्जसाहेबांनी विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय?

नवशा उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज लहान झाला. हंसा म्हणते, मला वाटलं हा रडणार. रडला नाय.

"साहेब, मी त्याला माफ केलेला नाय. ही बाय मोठी हाय, मी तेवढा नाय. मला तो मेलेला पाहिजे होता, सकाळपर्यंत पाहिजे होता. पण मी फास बांधायला बसलो आणि माझ्याच्यानं झाला नाय. बापाच्यानं होत नाय ते तुमी माझ्यासाठी म्हणून करू नका. तुमाला कायद्यानं जे करायचं ते करा. माझं नाव त्यात घालू नका."

एवढं बोलून तो खाली बसला. पुष्पलताच्या बाजूला जागा होती, तिथं बसला. तिच्या पलीकडं मंदा होती.

जज्जसाहेबांनी शिक्षा दिली, मरेपर्यंत जन्मठेप. त्यांनी आपली कारणं सांगितली, पोराचं वय आणि काय काय कायद्यातलं. ह्या दोघांच्या बोलण्याचा किती वाटा होता, ते त्यांचं ते जाणे. वकील नाराज होऊन निघून गेला. मंदा तिथंच बाकड्यावर पुष्पलताच्या मांडीत डोकं घालून रडली, आणि पुष्पलता, जी पोराच्या मातीला पण रडली नव्हती, ती पण रडली. नवशा दोघींच्या पुढं भिंतीसारखा उभा राहिला, बाहेरच्या फोनवाल्यांना फोटो मिळू नये म्हणून. तेव्हा मात्र त्यानं शिवी घातली, सगळ्या पालघरला ऐकू गेली असेल.

ह्याची किंमत त्यानं भरली, तो विषय वेगळा. प्रफुल्ल आणि त्याच्या टोळीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. एक खलाशी होडी सोडून गेला. दर्यावर नवशाला बघून काही जणांनी तोंड फिरवलं. नवशा बोलायचा, फिरवू दे, पाण्यात पडला तर परत इकडंच वळेल. पुष्पलताचं पण तसंच, दोन कंपन्यांनी युनिफॉर्मचं काम काढून घेतलं. ती अजून जेलात हितेशला भेटायला जाते, मंदाला घेऊन. मी एकदा विचारलं, पुष्पीबाय, माफ केलंस का गं आता? तर बोलली, आता संध्याकाळी परत घेताना उशीर होतो, कधीकधी विसरायला होतं. बाबा रे, मी देवळं पुष्कळ बघितली, साधू बघितले, भाषणवाले बघितले. पण धर्म बघायचा असेल तर बोईसरला जा, मशीनवर वाकलेली ती काडीसारखी बाई बघ.

आणि दोर? त्यावरनं गावात वाद झाला. मरणाच्या कामाला नेलेला दोर होडीवर परत चढवायचा नाय, दर्याला देऊन टाकायचा, ही पण रीत हाय. म्हातारे बसले, बोलले की टाकून दे नवशा, अपशकून होईल. नवशा बोलला, मरणाच्या कामाला नेला होता खरा, पण त्यानं ते काम केलं कुठं? ज्यानं नकार दिला त्याला कशाला बुडवायचा? मग पुष्पलताला बोलावून आणली. हंसानं नारळ दिला, आणि घरच्या बाईचा हात लावतात तो दोघींनी मिळून लावला, एकीनं हळद-कुंकू वाहिलं, एकीनं क्रूसाची खूण केली. तेव्हापासून तो दोर होडीच्या तोंडाशी टांगलेला असतो, टोकाला फेरा बांधून. माणूस काढायचा दोर. गेल्या भादव्यात त्यानं एक जण काढला पण, कोण ते विचारू नको, मोर्चात पुढं होता एवढं पुरे.

मघापासून माझ्या मांडीवर बघतोयस तो तोच दोर. खडकाला घासून मधनं झिजलाय, दोन तुकडे जोडून घ्यायचेत, मग होडीवर परत. नवशाचे डोळे आता साथ देत नायत, म्हणून माझ्याकडं दिलाय. पण ह्याला एक माणूस पुरत नाय, दुसऱ्यानं ताणून धरावं लागतं. तुला काय घाई नाय ना? मग सरक इकडं, हे टोक हातात घे, आणि मी सांगेपर्यंत सोडू नको.